मुनियक्काचा बियाण्याचा भोपळा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं, ते विचारू नका; मला सांगणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. दक्षिणेकडे कन्नड मुलखात होसतोट नावाची तिगळ माळ्यांची एक वस्ती होती. फुलं लावावीत, भाजीपाला पिकवावा आणि त्यावर पोट भरावं, असे हे लोक. त्यांचा एक नेम होता. मळ्यातला पहिला भोपळा बियाण्याचा. त्याला चिंधी बांधायची आणि वेलीवर पिकून देठ वाळेपर्यंत कोयता लावायचा नाही.

मग एका साली पावसानं पाठ फिरवली. तळं आटलं, मळे करपले. भुकेपुढे नेम कसला? लोकांनी चिंध्या सोडल्या आणि भोपळे कच्चेच खाल्ले. म्हाताऱ्या मुनियक्काच्या परसात तेवढा एक उरला. तोही गेला असता, तर होसतोटात पेरायला बी राहिलं नसतं. अक्का त्याच्याशेजारी गोधडी टाकून बसली. म्हातारी मोठी हट्टी!

एक दिवस तिची सून नंजम्माच कोयता घेऊन आली.

"अक्का, पोर भुकेनं रडून रडून निपचित पडलीय. कापू द्या मला."

अक्काचा जीव तुटला. नात तिचीच होती. तरी ती म्हणाली, "काप बाई. पण कच्च्याचं बी पोचट निघेल. पुढच्या साली पोरीला काय घालशील, तेवढं सांग आणि काप."

नंजम्मा रडली आणि कोयता टाकून सासूजवळ बसली. ते पाहून वस्ती ओशाळली. कुणी मूठभर कण्या आणल्या, कुणी रानातला कंद, आणि पोरीच्या तोंडात घास पडला. घराघरातलं हात धुतलेलं पाणी वेलीच्या मुळाशी येऊ लागलं. आणि भोपळा फुगला! असा फुगला, की चौघांना हलेना, असं म्हणतात.

देठ वाळला, आभाळही भरून आलं, तेव्हा अक्कानं आपल्या हातानं तो कापला. गर शिजवला. अख्खी वस्ती पोटभर जेवली, तरी हंडा रिता होईना, असं म्हणतात. बी तिनं घरोघर वाटलं, तरी पदर भरलेलाच. मग ती शेजारच्या गावी गेली, तिथून पुढच्या. ती काही परतली नाही. अजून वाटतेच आहे, असं म्हणतात.

होसतोटात आजही लेक सासरी निघाली, की ओटीत तांदळाआधी भोपळ्याचं बी पडतं. लेक कितीही लांब दिलेली असो, तिच्या दारी वेल चढल्याची खबर आली, की आई शेजारणीला सांगते, "अक्का पोचली गं."