आत रस आहे का?

"मग यांतल्या कुठल्या जमल्यात, एवढं तरी सांगाल?"

सावे यांनी डबा ओटीवर आदळला. आदळला आणि लगेच घाबरून दोन्ही हातांनी सावरला.

पावलीन मावशींनी चष्मा वर सरकवून आत पाहिलं. चॉकलेटच्या गोळ्या कागदी वाट्यांमध्ये ओळीनं बसल्या होत्या. सगळ्या सारख्या, गुळगुळीत, चकचकीत.

"बंद आहेत," मावशी म्हणाल्या.

"ते मलाही दिसतंय!"

"मग?"

"मग आत रस आहे की नुसती साखर, ते सांगा ना! उभा जन्म या गोळ्या करण्यात गेला तुमचा."

"गेला खरा." मावशींनी वालाची आणखी एक शेंग उचलली आणि सोलली. "पण बंद गोळीच्या आतलं दिसायला लागलं नाही अजून."

सावे यांनी कपाळाला हात लावला.

वसईत नाताळ जवळ आला, की पावलीन फरगोज यांच्या घरच्या लिकरच्या गोळ्यांची वाट बघणारे पुष्कळ होते. साखरेचं कागदाइतकं पातळ कवच, आत ब्रँडीत मुरलेल्या जांभळाचा रस आणि बाहेरून काळ्या चॉकलेटचा थर. दाताखाली कवच फुटलं, की रस सगळा जिभेवर. खाणारा बोलता बोलता गप्प व्हायचा.

शिकायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. आत रस भरता कसा? भोक कुठून पाडता?

मावशी ते ऐकूनच वैतागायच्या. कारण रस कुणी भरतच नाही. कवचही कुणी घडवत नाही. गरम पाकात लिकर मिसळायची, परातीत कोरडं कॉर्नफ्लॉवर पसरून त्यात खळगे पाडायचे, त्या खळग्यांत पाक ओतायचा, वरून कॉर्नफ्लॉवर भुरभुरायचं आणि तिथून निघून जायचं. रात्रभरात साखर आपली आपण कडेला येऊन बसते. तिचंच कवच होतं. रस आत राहतो.

मात्र मध्येच कुणी परात हलवली, बोट लावलं, डोकावून पाहिलं, तर साखर बिथरते. सगळा रसच गोठून बसतो. बाहेरून तशीच दिसणारी गोळी आतून दगड होते.

सावे परात हलवत नसत. त्यांना तेवढं कळत होतं. ते फक्त बघत. रात्री उठून एका कडेचं कॉर्नफ्लॉवर जरासं बाजूला करत आणि बघत, बसतंय का कवच. मग पुन्हा झाकत. मग दुसऱ्या कडेचं.

त्यांचा तरी काय दोष? त्यांची नोकरी एका कारखान्याच्या तपासणी विभागात झाली होती. त्यांची सही झाल्याशिवाय साधा स्क्रू गेटबाहेर जात नसे. माणसं त्यांना घाबरत आणि त्यांना ते आवडे. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं होतं, की सावे यांच्या हातून खराब माल कधी सुटला नाही.

चांगला माल किती अडकला, ते कुणी मोजलं नव्हतं.

"तुमच्याकडे काहीतरी खूण असणार," सावे आता जरा नमतं घेत म्हणाले. "वजनावरून कळत असेल. मी सोनाराचा काटा आणला, सगळ्यांचं वजन सारखंच भरतंय. कानाशी धरून हलवून पाहिली. बॅटरीच्या उजेडात धरली..."

"चॉकलेट लावल्यावर?"

"हो."

"काय दिसलं?"

"चॉकलेट."

मावशींनी शेंगांची टोपली बाजूला सारली. "जनार्दन, तू माझं डोकं फिरवणार."

"अहो, पण शास्त्र म्हणून काही आहे की नाही? कारखान्यात आम्ही गठ्ठ्यातला एक नग फोडून बघायचो. तो पास, तर गठ्ठा पास. आज सकाळी मी एक चाकूनं कापली. रस होता. समाधान झालं. मग वाटलं, आणखी एक बघावी. ती दगड निघाली! आता काय समजायचं?"

"की एकीत रस होता आणि एक दगड होती."

"आणि बाकीच्या?"

"त्या कापल्या नाहीस तू."

सावे ओटीच्या कडेवर बसले आणि पुन्हा उठले. वसुधाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, दुपारी ठाण्याला निघणार होत्या. पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. डबा तिच्यात जायचा होता, आणि सकाळ तर उलटून चालली होती.

"मी हे सगळं टाकून देतो," ते म्हणाले. "पुन्हा करतो. वसुधाला सांगतो, उद्या जा."

"मागच्या वेळच्या कुठे गेल्या?"

"टाकल्या."

"त्याच्या आधीच्या?"

सावे डब्याची कड बोटानं पुसू लागले.

"आत रस असलेल्याही टाकल्या असशील त्यांत."

"असतील. पण खात्री नव्हती."

मावशींनी दोन्ही हात पदराला पुसले. "या कुणासाठी आहेत?"

"वसुधा नेणार आहे."

"कोण नेणार ते नाही विचारलं."

"ठाण्याला... द्यायच्यात."

मावशींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. सावे ओटीसमोरच्या बावखलाकडे, त्या लहानशा तळ्याकडे, बघत राहिले. पाण्यावर केळीचं एक पान पडलं होतं, ते बघण्यासारखं नव्हतं, तरी बघत राहिले.

मावशींना सगळं ठाऊक होतं. कुंपणापलीकडे तर सावे यांचं घर. दर नाताळला मावशींकडून गोडाचं ताट जायचं आणि सावे यांची मुलगी, तेव्हा परकराच्या वयाची, नेमकी लिकरच्या गोळीवर झडप घालायची. सावे ती तिच्या हातातून काढून घेत. "मोठी झालीस की देईन."

मुलगी मोठी झाली. एक दिवस एका मुलाला घेऊन घरी आली. सावे यांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि गेटवर आलेला माल तपासावा तसे एकामागून एक प्रश्न विचारले. पगार, आईवडील, घर, आजार. मुलगा नीट उत्तरं देत होता. शेवटी सावे त्याच्या देखत मुलीला म्हणाले, "हे चालायचं नाही."

ती उठली. आत जाऊन पाणी प्यायली, भांडं विसळून पालथं घातलं आणि त्याच्याबरोबर निघून गेली. लग्नाला आई गेली. बाप घरी वर्तमानपत्र उघडून बसला होता. संध्याकाळपर्यंत पान उलटलेलं नव्हतं.

त्यानंतर आई मुलीशी फोनवर बोलू लागली, की सावे टीव्हीचा आवाज कमी करत. कमी केला म्हणून कुणी बोललं, तर म्हणत, बातम्यांत काही नाही.

गेल्या नाताळला मावशींचं ताट आलं. सावे यांनी एक गोळी उचलली आणि ती हातात तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी ते मावशींच्या दारात उभे.

"मला शिकवा."

"कशाला?"

"रिकामाच असतो आता."

"रिकाम्या माणसांना मी शिकवत नाही."

तरी ते येत राहिले. हाकलून थकल्यावर मावशींनी त्यांच्या हातात पातेलं दिलं. पाक उत्तम करू लागले. थर्मामीटरवर नजर पक्की, हात स्वच्छ. चॉकलेट तर असं लावत, की मावशींनाही हेवा वाटावा. पण एकही गोळी त्यांनी कुणाला दिली नव्हती. बायकोलाही नाही.

आणि आता मुलगी नवऱ्याबरोबर परदेशी चालली होती. ठाण्याला वसुधाबाईंच्या बहिणीकडे दोन दिवस उतरली होती, आईला भेटायला.

"एकदाच सांगा," सावे म्हणाले. आवाज चढला होता, आणि मध्येच फाटला. "एवढंच म्हणा, की ठीक आहेत. तुम्ही म्हणालात, की मी डबा बंद करतो."

मावशींनी डबा आपल्या हातात घेतला. मग त्यांनी हात पुढे केला, डब्यातली एक गोळी उचलली आणि तोंडात टाकली.

कवच फुटल्याचा बारीक आवाज झाला. मावशींनी डोळे मिटले.

"काय?" सावे पुढे वाकले. "रस होता?"

"चांगली होती."

"होती?"

"आता नाही ना ती."

त्यांनी दुसरी उचलली. कडाकडा चावली. "दगड."

"बघा! मी म्हणत नव्हतो?"

तिसरी. "चांगली होती."

"मावशी, अहो, कळलं. पुरे आता."

"तुला खात्री हवी ना? मी देते. सगळ्यांची देते." चौथी त्यांच्या तोंडात गेलीही होती. ओठांच्या कोपऱ्याशी जांभळा थेंब आला, तो त्यांनी बोटानं टिपला. "ही फारच छान होती."

"अहो, काय चालवलंय तुम्ही?"

"तपासणी."

पाचवीकडे हात गेला, तसा सावे यांचा तोल सुटला. एवढ्या वयाच्या बाईच्या हातातून त्यांनी डबा अक्षरशः हिसकावून घेतला.

"बस्स! एक उरायची नाही अशानं! शाल्मलीच्या आहेत त्या!"

कुंपणापलीकडे वसुधाबाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. त्यांचे हात दोरीवरच थांबले.

ते नाव त्या माणसाच्या तोंडून किती दिवसांत निघालं नव्हतं. सावे यांना स्वतःलाही ते कुठून आलं, कळलं नाही. डबा छातीशी धरून ते उभे राहिले.

...

"शाल्मलीच्या," मावशी म्हणाल्या.

"हो."

"मग मला काय विचारतोस?"

सावे यांनी डब्यात पाहिलं. चार वाट्या रिकाम्या झाल्या होत्या. उरलेल्या गोळ्या होत्या तशाच होत्या, सारख्या, गुळगुळीत, गप्प. कितीतरी वेळ ते त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी झाकण लावलं. हळू लावलं, पण लावलं.

"वसुधा," त्यांनी कुंपणावरून हाक मारली. "माझा तो पांढरा शर्ट वाळलाय का?"

"वाळलाय."

"इस्त्री करून ठेव... नको, राहू दे, मीच करतो. मी पण येतोय."

वसुधाबाईंनी ओला टॉवेल बादलीत तसाच टाकला आणि आत गेल्या. बऱ्याच वेळानं आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

सावे ओटीच्या पायऱ्या उतरले. फाटकापर्यंत गेले. फाटक उघडलं. आणि तिथून परत आले. मावशींनी सुस्कारा सोडून पुन्हा शेंगांची टोपली ओढली.

"आता काय?"

"मावशी, तिनं नाही घेतल्या तर?"

मावशी शेंग सोलत राहिल्या.

"म्हणजे... घेणं राहिलं बाजूला. मी आलोय कळल्यावर तिनं दारच नाही उघडलं, तर मी काय करायचं?"

"दाराबाहेर बस."