तोंडावरचा पदर

"दिगूला घर मिळतं, मग माझ्या बकुळला का नाही?"

ऊर्मिलानं दारातूनच विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

आत्याबाई लसूण सोलत होत्या. टेकडीखालच्या त्यांच्या आश्रमात गतिमंद मुलंमुली घर सांभाळायला शिकत. मुलं कसली, चांगली विशीतली माणसं! गॅस पेटवायचा कसा, विळीवर बसायचं कसं, ओल्या हातानं बटणाला शिवायचं नाही, हे सगळं. ज्यांना आपलं आपण जमेल, ते ओढ्यापलीकडच्या नव्या घरात स्वतंत्र राहणार होते. पहिलं नाव निघालं दिगूचं. आणि दिगूला शिकवलं होतं मालननं; बकुळला शिकवत होती ऊर्मिला.

झालं! ऊर्मिलाच्या अंगाचा तिळपापड.

"मालन काल आली. मी तुमच्या हाताखाली केस पिकवले."

"दिसतंय," आत्याबाई म्हणाल्या.

"आणि तिचा तो दिगू! काम करताना तिच्याकडे ढुंकून बघत नाही. कृतघ्न मेला. माझी बकुळ माझ्यावरची नजर हलवत नाही."

"हं…"

"जळते मी त्या मालनवर. अन्न गोड लागत नाही मला. घ्या, सांगून टाकलं."

मत्सर झाला की माणूस त्याला अन्याय म्हणतो. ही बाई निदान खरं बोलली, एवढं कबूल करायला हवं.

आत्याबाईंनी हात झटकले. "बोलव बकुळला. दूध तापवू दे."

बकुळ आली. ओढणी कमरेला खोचली, शेगडीजवळचं फडकं लांब ठेवलं, गॅस पेटवला, पातेलं चढवलं. कुठे बोट ठेवायला जागा नाही. ऊर्मिलाची मान ताठ झाली.

"आता तू पदर घे," आत्याबाई तिला म्हणाल्या. "तोंडावरून. पार हनुवटीपर्यंत."

"मी? तो कशाला?"

"घे गं."

ऊर्मिलानं तोंड झाकलं. दूध वर येऊ लागलं. बकुळचा हात बटणापाशी गेला… आणि थांबला. तिनं पदराकडे पाहिलं. मग दुधाकडे. पुन्हा पदराकडे…

दूध उतू गेलं. ज्योत विझली, गॅसचा वास सुटला. आत्याबाईंचा हात तयारच होता. त्यांनी बटण फिरवलं, खिडकी उघडली.

"बकुळ, दूध वर आलं की काय करायचं, बाळा?"

"ताईचं तोंड बघायचं," बकुळ म्हणाली. "ताई डोळे मोठे करते. मग बंद करायचं."

पदराआडून ऊर्मिलाचा आवाज आला.

"मी… डोळे मोठे करते?"

आत्याबाईंनी उतू गेलेलं पातेलं खाली उतरवलं.

"आत्याबाई, उद्या मी नसले तर ही पोर भाजून मरेल हो!"

तिनं पदर ओढायला हात वर नेला.

"राहू दे तो. बकुळ, ओटा पूस. वास पुरता जाऊ दे. मग दुसरं दूध ठेव."

ऊर्मिलाला आता काही दिसत नव्हतं. ओटा पुसल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं लायटर वाजला. मग कितीतरी वेळ काहीच नाही… मग दूध सळसळत वर यायला लागलं. तिचे डोळे आपोआप मोठे झाले. पण पदराआड बघतंय कोण!

टक्.

सळसळ बसली.

"कुणी बंद केला?" ऊर्मिला पदरातूनच ओरडली. "तिनं, की तुम्ही?"

आत्याबाईंचा आवाज आला तो लांबून, बाहेर अंगणातून.

"तू नाही केलास ना? मग झालं."