वाघाटीची राई

ही राई आमच्या पाड्याची. कुऱ्हाड, कोयता हद्दीवर ठेवूनच आत जायचं, आणि देवाला हात जोडताना उजवा अंगठा आत दुमडायचा. तुम्ही पाहुणे, कारण विचारलंत, म्हणून सांगतो.

आमच्या मूळपुरुषाचं नाव खेवजी. त्याच्या कोंबड्या एकेक करून नाहीशा होऊ लागल्या. तेव्हा राईतल्या पोकळ हिरड्यात वाघाटी व्याली होती. वाघाटी म्हणजे रानातली सगळ्यात लहान मांजर. अंगावर तांबूस ठिपके, वजनाला जेमतेम शेरभर. दिवसा ढोलीत झोपावं, अंधार पडला की उंदीर, सरडे, बेडूक धरावेत, असा तिचा जन्म. खेवजीनं तिलाच चोर ठरवलं. त्याची बायको ठमा म्हणाली, लेकुरवाळी आहे, राहू दे. त्यानं ऐकलं नाही.

भरदुपारी त्यानं ढोली फोडली. दोन पिल्लं कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, पात्यामागच्या बोथट बाजूनं, ठेचली. वाघाटी पळाली नाही. एवढीशी ती, पण त्याच्या तोंडावर झेपावली आणि नख्यांनी त्याचा डावा डोळा फोडला. त्यानं तिला ओढून खोडावर आपटलं. मेली तरी आपटत राहिला. तिघांची कातडी त्यानं दाराला टांगली.

कोंबड्या जातच राहिल्या. चोर मुंगूस निघालं. आणि उंदीर माजले. कणगीतली नाचणी संपवून ते दिवसाढवळ्या घरात फिरू लागले. ठमा पाण्याला गेली असताना त्यांनी झोळीतल्या तान्ह्या मुलीची बोटं आणि ओठ कुरतडले. तिसऱ्या दिवशी ती गेली, म्हणे.

मुलीला पुरून आल्यावर ठमानं दारावरची कातडी काढून नवऱ्यापुढं टाकली. "तिची दोन गेली, माझी एक," एवढंच बोलली.

खेवजीनं कातडी उचलली आणि कुऱ्हाड घेऊन राईकडे निघाला. ठमा मागोमाग गेली. पाहते तर त्यानं उजवा अंगठा हिरड्याच्या मुळीवर ठेवला होता. "या हाताला पुन्हा कुऱ्हाड धरता यायची नाही," म्हणाला, आणि डाव्या हातानं घाव घातला. मुळी रक्तानं भिजली. अंगठा आणि कातडी त्यानं एकाच खड्ड्यात पुरली.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच फुटक्या ढोलीत दुसरी वाघाटी व्याली आणि उंदीर हटले, असं सांगतात.

आजही वाघाटी कधीमधी एखादं कोंबडीचं पिल्लू नेते. खुराड्यापाशी पिसं पडलेली दिसली, की घरातली बाई ती मुकाट्यानं झाडून काढते. पुरुषानं विचारलं तर म्हणते, "खुराडं माझ्याकडूनच उघडं राहिलं."