लिंबू-मिरची आणि फिल्टर

डोंगर फोडायला माणसाच्या जोडीला यंत्रं आली, तेव्हाची गोष्ट. एका खाणीतल्या खोदयंत्राच्या हाताला आपल्या ताकदीचा भारी गर्व. खरं तर ती ताकद पोटातून दाबाने येणाऱ्या तेलाची. पण दर शनिवारी लिंबू-मिरची बांधली जायची ती हाताला.

"तेल काळं पडलंय, मीही गाळाने गच्च भरलोय. आम्हा दोघांना बदला," तेल गाळणारा आतला फिल्टर रोज ओरडायचा.

"रडतराऊत कुठला! तूच तेल अडवतोस," हात खेकसायचा. शेवटी मालक हणमंतशेठनी फिल्टर काढून भंगारात फेकला. तेल मात्र तेच ठेवलं.

आठवडाभर हात असा भरभर चालला की विचारू नका. मग तेलातल्या मातीने हाताच्या पिस्टनवर ओरखडे ओढले, तेल धरून ठेवणारे रबरी सील फाटले, आणि दगड उचलता उचलता हात अर्ध्यातच लुळा पडला.

"कुणाची तरी दृष्ट लागली हो मला!" तो कण्हला.

"दृष्ट नाही रे बाबा, माती," भंगारातून फिल्टर म्हणाला. "इतके दिवस मी तीच गिळत होतो."

हणमंतशेठनी दोघांचंही ऐकून घेतलं, गंभीरपणे मान डोलावली आणि लुळ्या हाताला या वेळी जरा मोठं लिंबू बांधलं.