पापुद्र्याखालचा ओघ

एकदा एका कीर्तनकार बुवांच्या शिष्यावर मोठा बिकट प्रसंग आला. शिष्याचे नाव नीळकंठ. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. पण कीर्तनाला उभा राहिला की पूर्वरंगातच सगळा जोर ओतून मोकळा व्हायचा. निरूपण संपून आख्यान लागेपर्यंत घसा बसलेला, अंगात त्राण नाही, आणि श्रोते आपल्या चपला शोधू लागलेले. आता गावच्या उत्सवातले कीर्तन तोंडावर आले होते. तेही फसले तर चिपळ्या कायमच्या खुंटीला टांगायच्या, असे त्याने मनाशी ठरवून टाकले.

बुवांना त्याने हे सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “चल, गुऱ्हाळावर जाऊन येऊ.”

माझ्या चिपळ्या खुंटीला चालल्यात आणि ह्यांना गूळ सुचतोय, असे नीळकंठाला वाटले. पण गुरूंपुढे बोलणार कोण?

काहिलीतला उसाचा रस गुळाच्या बेताला आला होता. बुवांनी डावभर रस मागून घेतला आणि बाहेरच्या उतरत्या कातळावर भसकन ओतला. रस सैरावैरा पसरला, हातभर गेला आणि थिजला. मग दुसरा डाव घेतला. तो मात्र एकाच जागी, बारीक धारेने सोडत राहिले. रसावर पापुद्रा धरला, टोक थांबले. हाही गेला, असे नीळकंठाला वाटले. धार चालूच होती. पापुद्रा हळूहळू फुगला, कडेला चिरला, आतून तांबूस जीभ निघून पुढे सरकली. तिच्यावर पुन्हा पापुद्रा, पुन्हा नवी जीभ. पहिल्या ओघाच्या कितीतरी खाली रस पोचला.

“बुवा, रस तेवढाच. मग हा लांब कसा गेला?”

“निळू, आपण उभे आहोत तो कातळही कधीकाळी असाच वाहत होता. लाव्हा उघड्यावर पसरला की वारा त्याची ऊब खाऊन टाकतो. पण वरची साल थंडावली, की तीच आतल्या रसाचे पांघरूण होते. मागून ताजा रस येत राहतो, साल वर उचलली जाते, कडेला फुटून वाट काढते. अशा जिभा शेजारी शेजारी, एकीवर एक चढत कोसच्या कोस पसरल्या. वरून बघणाऱ्याला वाटावे, हा केव्हाच विझला. तुझ्यात आग कमी नाही रे. तू ती मुखाशीच उधळतोस. जरा झाकायला शीक.”

नीळकंठाने थिजलेल्या गुळाचा तुकडा तोडून तोंडात टाकला.

उत्सवाच्या संध्याकाळी त्याने नमन खालच्या पट्टीत धरले. “आज स्वारी थंड दिसते,” पुढच्या रांगेतले आजोबा शेजाऱ्याला म्हणाले. नीळकंठाने ते ऐकले, तरी घाई केली नाही. निरूपण सावकाश चालले. मध्येच एखादा शब्द तापून वर यायचा, पुन्हा शांत व्हायचा. आख्यान लागले आणि आवाज आपसूक मोकळा झाला. कोणीही जागचे हलले नाही.

आरती झाली, मंडप रिकामा झाला. नीळकंठ बाहेर आला, तर त्याच्या चपलांशेजारी आणखी एक जोड पडलेला. तो बुवांचा होता. आख्यानाच्या तंद्रीत म्हातारा अनवाणीच मठाकडे निघाला होता. नीळकंठाला हसू आले, आणि हसता हसता डोळे भरून आले. चपला उपरण्यात गुंडाळून तो सावकाश त्यांच्या मागे चालू लागला.