सहा दिवसांचा अंतराळवीर

"बाबा, माझं सोंग चुकलं कुठं?"

सुखदेव बहुरूप्यानं हे विचारलं तेव्हा त्याच्या अंगावर अजून तो पांढरा डगला होता आणि हेल्मेट काखेत. सहाव्या दिवसाचं ऊन कललं होतं. गावाबाहेर कडुलिंबाखाली त्यांचं कापडी पाल ठोकलेलं, पालापुढं खाट, आणि खाटेवर लहानूबाबा. बाबांचं वय कुणाला नक्की ठाऊक नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही. दमा मात्र साऱ्या तळाला ठाऊक. रात्री-अपरात्री त्यांची छाती वाजायला लागली की शेजारच्या पालातली माणसं उठून बसायची.

बाबांनी आधी श्वास गोळा केला.

"कुत्री भुंकली?"

"पहिल्या दिवशी भुंकली."

"मग?"

"मग त्यांना सवय झाली."

"हं…"

बहुरूप्याची रीत तशी सोपी. सहा दिवस सोंग घेऊन गावात हिंडायचं. सातव्या दिवशी साध्या कपड्यांत, उघड्या तोंडानं तीच दारं पुन्हा वाजवायची. मग आतल्या बाईनं कपाळाला हात लावून म्हणायचं, "अगं बाई, तो तू होतास होय!" घरात हशा व्हायचा, आणि त्या हशाच्या मागून सुपातलं धान्य यायचं, एखादं जुनं लुगडं यायचं. पोट धान्यानं भरतं हे खरं. पण बहुरूपी जगतो तो त्या "तू होतास होय"वर.

लहानूबाबांनी उमेदीत फौजदाराचं सोंग असं काढलं होतं की ठाण्यातल्या हवालदारानं खुर्ची सोडून सलाम ठोकला. बाबा ही गोष्ट कधी सांगत नसत. सुखदेव सांगायचा, आणि शेवटी हळूच जोडायचा, "मी त्याच्याही पुढं जाणार."

त्या पुढं जाण्यासाठी त्यानं तीन महिने घातले होते. खताच्या गोण्या धुऊन, रंगवून डगला शिवला. वॉशिंग मशीनचा भंगारातला पाइप पाठीवरून छातीवर घेतला. मोटरसायकलच्या हेल्मेटच्या काचेला मिठाईच्या खोक्यातला सोनेरी कागद लावला, बघण्यापुरती फट ठेवून. फोनवर एक मालिका लागायची. नऊ माणसं यानात बसून दूरच्या एका ग्रहाचा शोध घ्यायला निघालेली. ती त्यानं तीनदा पाहिली. बायकोला भाकरी थापताना शेजारी बसवून दाखवली. कांताबाई म्हणाली, "यांना नळीतून जेवायला मिळतंय. आपल्याला तव्यावरून तरी मिळतं."

ती माणसं जमीन धरत नसल्यासारखी चालत. ते चालणं सुखदेवानं घोटून घोटून पायात उतरवलं. रोज नवं सोंग घ्यायचं सोडून सहाही दिवस हेच घ्यायचं ठरवलं. असं सोंग या मुलखात कुणी काढलं नव्हतं.

आणि यामागं आणखी एक गोष्ट होती. मेव्हण्यानं पुण्यात एका सोसायटीच्या फाटकावर राखणदाराची जागा धरून ठेवली होती. उद्या संध्याकाळपर्यंत येतो की नाही ते कळवायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. सुखदेवानं मनाशी बांधलं होतं. या गावानं ओळख दिली तर बाबांचं चालवायचं. नाही दिली तर फाटक.

"सांग," बाबा म्हणाले. "आज काय झालं ते सांग."

"सोनार गल्लीत गेलो. एका घरात पाच जण बसलेले. टीव्हीवर यानच चाललेलं, बाबा. तसंच यान, तसाच डगला. मी म्हटलं, आता कुठं जाताय. दारातून हळू हळू पाय टाकत आत गेलो…"

"मग?"

"म्हातारी म्हणाली, सरक रे बाजूला, दिसत नाही."

बाबांच्या ओठाचा कोपरा हलला. हसू होतं की धाप, कळलं नाही.

"तू काय बोललास?"

"पुष्कळ बोललो. पृथ्वीवरची मंडळी बरी आहेत का विचारलं, ग्रहावर जागा स्वस्त आहे म्हटलं, सगळं पाठ केलेलं. पण काचेच्या आतून बाहेर जातंय कुठं? ओरडलो तर माझाच आवाज मला घुमायला लागला. मग श्वास कोंडला. काचेवर वाफ धरली. दार कुठं, भिंत कुठं, काही दिसेना. चाचपत चाचपत बाहेर आलो."

"कुणी हात दिला?"

"कुणी बघितलंच नाही."

"एकानंही?"

"एकानंही."

बाबांनी डोळे मिटले. लिंबाची पिकली पानं खाटेवर पडत होती, ती त्यांनी झटकली नाहीत.

"म्हणजे तू हाक मारलीस ती पोचली नाही."

"नाही."

"श्वास संपत आला."

"हो."

"आणि आसपास माणूस नाही."

"नाही, बाबा."

"मग चुकलं कुठं म्हणून काय विचारतोस, लेका? सोंग हुबेहूब उतरलं."

वीस वर्षं सुखदेव सोंगं शिकत बाबांच्या मागून हिंडला होता. फौजदार झाला, जोगीण झाला, गरोदर बाई होऊन बाजारात बसला. एकदाही बाबा "उतरलं" म्हणाले नव्हते. ते ऐकायला तो आसुसला होता. आज ऐकलं, आणि त्यानं हेल्मेट या काखेतून त्या काखेत घेतलं.

"उतरलं असेल," तो म्हणाला. "पण उद्या मी कुणाच्या दारात जाऊ? 'तो तू होतास होय' म्हणायला त्यांनी तो तरी बघायला हवा."





बाबांनी हात पुढं केला. सुखदेवानं हेल्मेट दिलं. बाबांनी डोक्यावरचं मुंडासं काढून उशाला ठेवलं, हेल्मेट चढवलं, काच खाली ओढली आणि खाटेवरून उतरले.

ते चालायला लागले.

त्यांनी ती मालिका कधी पाहिली नव्हती. त्यांच्याकडे साधा फोनही नव्हता. पण पाऊल उचललं की ते किती वेळ वरच राही, आणि टेकलं तरी टेकल्यासारखं दिसत नसे. धोतर, अनवाणी पाय आणि त्यावर ते सोनेरी डोकं. लिंबापासून डांबरी रस्त्यापर्यंत वीस पावलं असतील. सुखदेवाला वाटलं, बाबा नुसते गावाच्या बाहेर नाहीत, कशाच्याच आत नाहीत.

रस्त्याच्या कडेला दोघं जण रिक्षाची वाट बघत उभे होते, माना खाली, फोनमध्ये. बाबा त्यांच्यासमोर जाऊन थांबले. हात वर केला.

एकानं अंगठ्यानं काहीतरी वर सरकवलं. दुसरा कशाला तरी हसला.

बाबांचा हात वरच होता. मग सावकाश खाली आला.

ते परत आले. खाटेवर बसले. काच वर केली नाही. आतून नुसती घरघर ऐकू येत होती, मग तीही येईना.

"बाबा?"

…

"बाबा!"

सुखदेवानं झडप घालून हेल्मेट उपसलं. आत बाबांचा चेहरा घामानं निथळत होता. डोळे उघडे होते, शांत.

"एवढ्यात घाबरलास?" बाबा म्हणाले. "मी सहा दिवस तर नव्हतो आत."

सुखदेव खाली मातीत बसला. डगल्याच्या एका गुडघ्यावर गोणीवरची जुनी अक्षरं रंगातून वर आली होती. तो ती नखानं खरवडत राहिला.

हेल्मेट परत बाबांच्या हातात आलं होतं. बाबा धोतराच्या सोग्यानं हेल्मेटची काच पुसत होते.

"ती तुझी यानातली नऊ माणसं," त्यांनी विचारलं, "पोचली का?"

"नाही."

"मग परत आली?"

"नाही. मालिका मध्येच बंद केली त्यांनी."

"का रे?"

"बघणारे कमी पडले म्हणे."

"आणि ती माणसं?"

"राहिली वरच."

पालात फोन वाजला. कांताबाईनं आतून सांगितलं, "पुण्याहून दादाचा आहे. काय सांगू?" सुखदेव उठला नाही. फोन वाजून वाजून थांबला. कांताबाई दारात येऊन उभी राहिली, दोघांकडं बघत. तिच्या हाताला पीठ तसंच होतं.

"बाबा," सुखदेव म्हणाला, "उद्या दारं वाजवू की पुण्याला जाऊ, एवढंच सांगा. मी तुमचं ऐकेन."

बाबांनी पुसलेली काच उजेडाकडं धरली. एक डाग राहिला होता, तो परत पुसला.

"बघणारे गेले, हे त्यांना कुणी कळवलं?"

"कुणाला?"

"त्या नऊ जणांना."

"त्यांना कोण कळवणार, बाबा?"

बाबांनी हेल्मेट सुखदेवाच्या मांडीवर ठेवलं.

"मग ती अजून जातच असतील."