न मागता दिलेली माती

या, इकडे सावलीत या. तुम्ही ज्या उंचवट्यावर बसायला निघाला होतात तो नुसता उंचवटा नाही, कबर आहे. एकाची नाही, बऱ्याच जणांची. बसलात तरी आतले काही म्हणणार नाहीत, पण आमच्या गावातल्या बायका म्हणतील, आणि त्यांचं ऐकून घेण्यापेक्षा हा दगडी कठडा बरा.

मी पानागोस. मागे उतारावर पांढरी घरं दिसतात ते केरास, माझं गाव. समोर दक्षिणेला, त्या उभ्या चढणीच्या माथ्यावर, ओल्मी. ओल्मीची माणसं वाईट नाहीत, जरा हट्टी आहेत इतकंच. तिकडे गेलात तर तेही आमच्याबद्दल हेच सांगतील, आणि दोघांचंही खरं धरायला हरकत नाही. मधे हे लांबट कुरण. त्याच्या पश्चिम टोकाला हे टेकाड आणि पूर्व टोकाला अगदी असंच दुसरं. इथलं गवत आम्ही काढतो, पावसाने माती वाहून गेली की नवी भर घालतो. तिकडचं सगळं ओल्मीवाले बघतात. पण आम्ही जपतो त्या टेकाडात माणसं ओल्मीची आहेत, आणि ओल्मीवाले जपतात त्यात आमची. नवा माणूस हमखास म्हणतो, तुमचं काहीतरी उलटं झालंय. उलटं काही झालेलं नाही. ऐका.

फार जुनी गोष्ट. तेव्हा ग्रीस म्हणून एक देश नव्हता. एकेक शहर म्हणजे एकेक राज्य. त्याची स्वतःची सभा, स्वतःचे कायदे, स्वतःचं सैन्य. देव सगळ्यांचे तेच, बोलीही जवळपास तीच. सणाला एकमेकांकडे शर्यती बघायला जायचे, आणि पिकं कापणीला आली की भाले घेऊन एकमेकांच्या शेतांत शिरायचे. मोठ्या शहरांच्या मोठ्या लढाया पुस्तकांत गेल्या. आमचं केरास आणि त्यांचं ओल्मी तेव्हाही एवढीशीच होती. त्यांचं वैर या कुरणासाठी आणि त्यातल्या झऱ्यासाठी. बकऱ्या कोणाच्या पाणी पितील, एवढाच प्रश्न होता म्हणे. पण त्यापायी आज्यापासून नातवापर्यंत सगळे लढले.

एका उन्हाळ्यात ठरलं की हे कायमचं निकालात काढायचं. दोन्हीकडचे झाडून सगळे शेतकरी चिलखतं चढवून इथे उतरले. आम्ही उत्तरेकडून, ते दक्षिणेकडून. त्या काळी लढायची रीत अशी की डाव्या हातात मोठी गोल ढाल, उजव्या हातात भाला, आणि खांद्याला खांदा लावून भिंतीसारखी रांग. आता ढाल डाव्या हातात म्हणजे माणसाची उजवी बाजू उघडी. मग प्रत्येकजण जीव वाचवायला उजवीकडच्या सोबत्याच्या ढालीआड सरकायचा. एक सरकला की दुसरा, दुसरा सरकला की तिसरा. चालता चालता अख्खी रांगच उजवीकडे वाहवत जायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरीही दर लढाईत व्हायचं, कारण भीती माणसाला जिकडे नेते तिकडेच तो जातो.

त्या दिवशी दोन्ही रांगा अशाच आपापल्या उजवीकडे सरकल्या. आमची उजवी फळी इथे पश्चिमेला त्यांच्या डाव्या फळीला वरचढ झाली आणि तिने ती मोडली. त्यांची उजवी फळी तिकडे पूर्वेला आमच्या डाव्या फळीला वरचढ झाली आणि तिने ती मोडली. धूळ खाली बसली तेव्हा इथे केरासवाले जिंकून ओरडत होते आणि तिथे ओल्मीवाले जिंकून ओरडत होते. ओल्मीत सांगतात की ते आधी ओरडले. सांगू देत.

जिंकणाऱ्याने शत्रू जिथून पळाला तिथे एक लाकडी खांब रोवायचा आणि त्याला पळालेल्यांची शिरस्त्राणं आणि ढाली अडकवायच्या, असा नियम होता. त्या संध्याकाळी या एका कुरणात दोन खांब उभे राहिले, एक आमचा, एक त्यांचा. असं सांगतात की झऱ्यावर पाणी प्यायला आलेली बकरी दोन्हींना बिचकून परत गेली.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं नाही.

लढाईनंतरचा आणखी एक नियम होता आणि तो देवांचा मानला जायचा. हरलेल्याने दूत पाठवून आपले मेलेले मागायचे, आणि जिंकलेल्याने ते निमूट द्यायचे. नाही म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. पण ज्याने मागितले तो हरला. मागणं हीच हार. आमच्या डाव्या फळीतली पोरं पूर्वेला पडली होती, ओल्मीच्या पहाऱ्यात. त्यांची पोरं इथे पश्चिमेला पडली होती, आमच्या पहाऱ्यात. मागितली तर पोरं मिळणार आणि कुरण जाणार. न मागावी तर कुरणावरचा हक्क शाबूत आणि पोरं उघड्यावर. केरासच्या सभेने ठरवलं की आपण मागायचं नाही, ते मागतील. ओल्मीच्या सभेनेही हेच ठरवलं.

उन्हाळ्याचे दिवस. किती काळ गेला ते कोणी नीट सांगत नाही, आणि मीही विचारलेलं नाही. कुत्री आणि पाखरं हाकलायला दोन्हीकडचे पहारेकरी होते, पण ऊन कोण हाकलणार? त्या लोकांची श्रद्धा अशी की अंगावर मूठभर माती पडल्याशिवाय मेलेल्याला पैलतीर मिळत नाही. तो अलीकडच्या काठावरच ताटकळत राहतो.

केरासच्या दूताचं नाव निकांद्र. दूत म्हणजे शहराची जीभ. त्याच्या हातातली काठी दिसली की चालती लढाई थांबायची. पण शहराने सांगितलं तेवढंच त्याने बोलायचं. त्याचा आणि त्याची बायको मायरो हिचा एकुलता एक मुलगा थेओन त्या डाव्या फळीत होता. आजोबांची ढाल घेऊन गेला होता, तिच्यावर लाल कोंबडा काढलेला. तो तिकडे पूर्वेला पडला होता, आणि ज्याच्या एका शब्दावर तो घरी आला असता तो माणूस त्याचा बापच होता.

मायरो त्याला म्हणाली, "काठी उचला आणि जा."

"सभेने मनाई केली आहे."

"सभेची पोरं घरी जेवतायत."

"सगळ्यांची नाही," निकांद्र म्हणाला. "मी थेओनला मागून आणलं, तर बाकीचे ज्याच्यासाठी मेले ते मी देऊन टाकलं असं होईल. त्यांच्या आयांना मी काय सांगू?"

त्याचं तिला पटलं होतं, आणि पटलं म्हणूनच ती संतापली होती, असं माझी आजी सांगायची. मलाही ते खरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायरो कुदळ आणि पाण्याची घागर घेऊन खाली आली. पूर्वेला गेली नाही. इथे आली, जिथे ओल्मीची पोरं पडली होती. आमच्या पहाऱ्याचा नायक तिला ओळखत होता. त्याला वाटलं, बाई दुःखाने वाट चुकली.

"मावशी, तुमचा थेओन इकडे नाही," तो हळूच म्हणाला.

"माहीत आहे मला," असं म्हणून ती एका पोराशेजारी बसली आणि पदर भिजवून त्याचं तोंड पुसायला लागली. शत्रूचं पोर. मग तिने कुदळ उचलली.

नायक धावत आला. "हे चालायचं नाही. त्यांनी यांना मागितलेलं नाही."

"मागितलं असतं तर तुम्ही दिलंच असतं. त्यात माझं काय काम?" मायरो म्हणाली. "मागेल तो हरेल, असा नियम आहे ना? न मागता द्यायचं नाही, असा नियम कुठे आहे तो मला दाखव."

नायकाने सभेतल्या म्हाताऱ्यांना बोलावणं धाडलं. म्हातारे आले. सावलीत बसून त्यांनी डोकं खाजवलं. वडिलांनी काय सांगितलं, आजोबांनी काय सांगितलं, सगळं आठवून पाहिलं. असा नियम कोणाला आठवेना. कसा आठवणार? वैऱ्याला न मागता काही द्यावं, हे आजवर कोणाच्या मनातच आलं नव्हतं, मग त्याची मनाई तरी कोण करणार? तोवर केरासच्या आणखी बायका कुदळी घेऊन उतरल्या होत्या. ज्यांची पोरं पूर्वेला पडली होती त्या सगळ्यांत पुढे. थोड्या वेळाने पहारेकऱ्यांनीही भाले खाली ठेवले, कारण दगडाळ जमीन बायकांना जड जात होती, आणि नुसतं उभं राहून बघायची लाज वाटत होती.

पलीकडून ओल्मीवाल्यांना धूळ उडताना दिसली. त्यांना वाटलं, आम्ही त्यांच्या मेलेल्यांची विटंबना करतोय. त्यांचे लोक ढाली उचलून रांग धरायला लागले. पुन्हा तेच होणार असं दिसत होतं.

तेव्हा निकांद्रने काठी घेतली. सभेला विचारलं नाही. कुरणाच्या मधोमध चालत गेला आणि उभा राहिला. ओल्मीवाल्यांना वाटलं, आला एकदाचा मागायला. आमच्याकडचे काही जण तर म्हणाले म्हणे, बाप तो बापच, गेलं आपलं कुरण.

निकांद्र मोठ्याने म्हणाला, "केरासला काही मागायचं नाही. ओल्मीच्या माणसांना आम्ही माती देतोय. नावं आम्हाला माहीत नाहीत, म्हणून खुणा सांगतो. ज्याचं असेल त्याने ऐकून घ्यावं."

आणि एकेक खूण सांगायला लागला. हनुवटीवर जुना व्रण असलेला. मनगटाला निळा दोरा बांधलेला. पुढचा एक दात पडलेला, वयाने मोठा. पायातल्या वहाणेला दोरीची गाठ मारलेला. प्रत्येक खुणेला ओल्मीच्या रांगेत कुठेतरी एक ढाल खाली यायची. सगळं सांगून झाल्यावर तो क्षणभर थांबला. आता तो थेओनचं नाव घेईल असं सगळ्यांना वाटलं. त्याने ओठ मिटले, पाठ फिरवली आणि परत आला. माझ्या मते या कुरणात त्याच्याइतका धीराचा माणूस कोणी लढला नसेल.

निळा दोरा जिने बांधला होता ती ओल्मीची म्हातारी तिथेच होती, आपल्या लोकांना पाणी द्यायला आलेली. तिने एका पहारेकऱ्याच्या हातातून फावडं काढून घेतलं आणि पूर्वेच्या टोकाला, आमच्या पोरांकडे चालत गेली. तिच्या मागोमाग बाकीचे गेले. ओल्मीच्या सभेनेही म्हणे त्या दिवशी नियम शोधला, आणि त्यांनाही सापडला नाही.

दिवस कलला तसा ओल्मीचा दूत कुरणाच्या मध्यावर आला. "ओल्मीला काही मागायचं नाही," तो म्हणाला आणि खुणा सांगायला लागला. कुरळ्या केसांचा. बोटात अंगठी असलेला. डावा कान फाटलेला. केरासच्या बायका एकमेकींना धरून ऐकत होत्या. मग तो म्हणाला, "लाल कोंबड्याची ढाल असलेला पोरगा. ढाल त्याच्यासोबतच ठेवली आहे."

मायरोने हंबरडा फोडला. निकांद्र जिथे उभा होता तिथेच खाली बसला. रिवाजाप्रमाणे त्याने ओल्मीच्या दूताला उत्तर द्यायला हवं होतं, ऐकलं एवढं तरी म्हणायला हवं होतं. शहराच्या जिभेला त्या दिवशी एक शब्द फुटला नाही, आणि सभेने त्याला त्याबद्दल कधी जाब विचारला नाही.

मागितलं कोणीच नाही, त्यामुळे हरलं कोणीच नाही. कुरण कोणाचं हा प्रश्न होता तिथेच राहिला, पण तो पुन्हा विचारायची सोय उरली नाही. आमची माणसं त्यांच्या टोकाला, त्यांची आमच्या टोकाला. कोणाला कोण हाकलणार? दोन्ही गावांच्या बकऱ्या तेव्हापासून इथे एकत्र चरतात. त्या खांबांची डागडुजी करायची नाही असा नियमच होता. ते कुजले आणि पडले. केरास आणि ओल्मी नंतर कधी भांडले नाहीत असं मात्र समजू नका. वाटेवरून भांडले, ऑलिव्हच्या झाडांवरून भांडले, देवळाच्या घंटेच्या आवाजावरूनही भांडले. शस्त्र घेऊन या कुरणात मात्र कोणी उतरलं नाही.

त्या वेळेपासून एक रीत पडली. देव बदलले, राज्यं बदलली, रीत राहिली. आजही केरासमध्ये कोणी गेलं की त्याच्यावर पहिली मूठ ओल्मीचा माणूस टाकतो, आणि ओल्मीत कोणी गेलं की केरासचा. निरोप धाडायचा नाही, हा त्यातला मुख्य भाग. घंटा वाजते, ती पलीकडे ऐकू जाते, आणि ज्याला यायचं तो येतो. कोणी आलंच नाही असं आमच्या माहितीत झालेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात माझी बायको गेली. बाहेर गुडघाभर बर्फ होतं. वाट बंद होती आणि मी मनाशी धरून चाललो होतो की आज कोणी येणार नाही. आम्ही तिला घेऊन पोचलो तर खड्ड्याशी ओल्मीचा सोतिरिस उभा होता, कमरेपर्यंत भिजलेला. या सोतिरिसशी माझा एका बोकडावरून कोर्टात दावा चालू आहे आणि आम्ही दोघं कित्येक वर्षं एकमेकांशी बोललेलो नाही. त्या दिवशीही बोललो नाही. त्याने हातमोजा काढला, गोठलेली माती नखांनी उकरून मूठ भरली, ती तिच्यावर टाकली आणि आला तसा परत गेला. मी तिथे लहान पोरासारखा रडलो.

दावा अजून चालू आहे आणि तो मीच जिंकणार. पण माझी घंटा वाजेल तेव्हा सोतिरिस येईल, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. त्याची आधी वाजली तर मला जावं लागेल. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला सकाळचा फेरा मी एक दिवसही चुकवत नाही. ओल्मीची चढण फार उभी आहे.